भाकरी मोडायला दोघं लागतात

अल्लीपूरच्या स्टँडवरून मी निघाले त्या सकाळी आपली प्रार्थनेची सगळी संगती मला सोडायला आली होती. तुम्ही सगळे होतात, आठवतं ना? यष्टी लागली आणि आतराम काकांनी तिथंच डफ काढून गाणं सुरू केलं. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला कंडक्टर दारात येऊन म्हणाला, "भजन झालं असन तं बसवा ना पोरीले!" माय हसली आणि हसता हसता रडायला लागली. लग्न होऊन महिना झाला नव्हता, नवरा, विलास, चाकणला खोली बघून ठेवून वाट पाहत होता. बाबांनी खिडकीतून तिखटाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "प्रभू आला तं वर भेटू. नाई आला तं रविवारी."

हा आपला निरोप. दर रविवारी प्रार्थना संपली की चपला शोधता शोधता सगळे एकमेकांना हेच म्हणायचे. लीलामावशी त्यात आपलं जोडायची, "आनं येतानी माया डबा आनजो." चर्च नव्हतं आपल्याकडे, पाळकही नव्हता. सहा घरं, आणि आमच्या घरापुढची छपरी. बाजाराच्या दिवशी वांगी-मेथीचं दुकान लावणारे बाबाच रविवारी प्रार्थना चालवायचे. प्रभू परत येणार हे आपल्याला संध्याकाळच्या यष्टीसारखं होतं: उशीर होईल, पण येईल. माय तर चुलीवरचं दूध उतरवल्याशिवाय प्रार्थनेला बसायची नाही. "तो यायचा आनं दूध जायचं उतू," म्हणायची. आम्ही पोरी खुसूखुसू हसायचो. आज हसू येत नाही.

प्रभुभोजनात मोडून वाटायला माय ज्वारीची भाकरी थापायची. द्राक्षारस कुठून आणणार, मनुका उकळून गाळून घ्यायची. आणि बाबांचा एक नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्याच मंडळीत पाहिला नाही. भाकरी एकट्यानं मोडायची नाही. कमीत कमी दोघं पाहिजेत. एकानं एक बाजू धरायची, दुसऱ्यानं दुसरी, मग मोडायची. एकदा धो धो पावसात कोणीच आलं नाही, माय तापानं पडलेली, मी मामाकडे. बाबांनी भाकरी तशीच झाकून ठेवली. सोमवारी शेजारच्या कुंदाबाईच्या गाईनं खाल्ली.

चाकणला आले आणि माझं सगळं कॅलेंडरच बदललं. विलास कंपनीची बस चालवतो, मी वायरिंगच्या लाइनवर आहे. पंचिंग, शिफ्ट, टार्गेट. रविवार इथं सगळ्यांचा नसतो, माझ्या लाइनची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी कोण देवाची मंडळी भरवतं हो? कधी रविवार मिळालाच तर आम्ही पिंपरीच्या एका मोठ्या चर्चला जातो. खोटं कशाला बोलू, चांगली माणसं आहेत. स्टेज आहे, स्क्रीन आहे, दारात बॅज लावलेली मुलगी 'वेलकम' म्हणते. पण प्रभुभोजन एका सीलबंद पुडीत मिळतं. वर बोटाच्या पेराएवढी चकती, खाली घोटभर रस. फाडा, घ्या, रिकामी पुडी डस्टबिनमध्ये टाका. शेजारी कोण बसलंय ते बघायची गरज नाही. पहिल्यांदा ती पुडी हातात घेतली आणि मला असं भडभडून आलं की विलासनं मला बाहेर नेऊन पाणी पाजलं. त्या सभागृहात एवढी माणसं होती आणि दुसरी बाजू धरायला कोणी नव्हतं.

मग तुम्हीही निघालात. मी कोणाला बोल लावत नाही, मीच आधी निघाले होते. लीलामावशी मुलाबरोबर सुरतेला गेली. आतराम काकांचं घर कामासाठी तेलंगणात गेलं आणि तिकडेच राहिलं. त्यांची ती गोंडी गाणी आता छपरीत कोण म्हणणार? बाकीची घरं नागपुरात. प्रत्येक जण जाताना तेच म्हणून गेला: नाई आला तं रविवारी. शेवटी छपरीत माय आणि बाबा दोघंच उरले. तरी नियम पुरा होत होता. दोघं होते ना!

गेल्या वर्षी माय गेली. तुमच्यातले जे येऊ शकले ते आले. गावात आपल्याला वेगळी जागा नाही, म्हणून आमच्याच वावराच्या कोपऱ्यात, निंबाखाली तिला ठेवलं. पाय पूर्वेकडे, म्हणजे उठेल तेव्हा तोंड उजेडाकडे होईल. माती लोटून झाल्यावर बाबा ओणवे झाले आणि मातीला म्हणाले, "आला तं वर भेटू." पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत.

त्यानंतर दर रविवारी फोन. "पोरी, येतं का या रविवारी?" मी म्हणायची, बाबा, सुट्टी नाही. ते म्हणायचे, बरं. बस, एवढंच. कुंदाबाईकडून कळलं की बाबा रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःच्या हातानं वेडीवाकडी भाकरी थापतात, मनुका उकळतात आणि छपरीत बसून राहतात. दुपार टळली की भाकरी फडक्यात झाकतात. सोमवारी गाय. त्या गाईइतकं प्रभुभोजन वर्धा जिल्ह्यात कोणी घेतलं नसेल!

कुंदाबाईला त्यांचं ते बसणं बघवेना. ती हिंदू बाई, पण म्हणाली, "भाऊ, मी धरतो ना दुसरी बाजू, त्यात काय हाय?" बाबांनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "तू माह्यासाठी धरशीन, बाई. प्रभूसाठी धरनारं पायजे." मग मी डोकं चालवलं. कुंदाबाईच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. इकडे मी कॅन्टीनच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून, हातात पोळी धरून बसले. "मोडा बाबा, मी आहे." बाबांनी भाकरीची एक बाजू स्क्रीनपुढे धरली. "तुया हात पुरते का इथं?" म्हणाले. मी म्हटलं, नाही. "मंग?" माझा ब्रेक संपला. लाइनवर जाऊन मी वायरी जोडत राहिले आणि सुपरवायझरसमोर ढसाढसा रडले. त्याला वाटलं, बोट कापलं.

दिवाळीत एक रविवार मिळाला. रात्रभर जनरलच्या डब्यात उभ्यानं वर्ध्याला पोहोचले, तिथून यष्टीनं गावी. बाबा स्टँडवर सदरा घालून उभे, इतके वाळलेले की सदरा खांद्यांवर लोंबत होता. घरी जाऊन आधी पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही. छपरीत बसवलं आणि भाकरी पुढे केली. त्यांच्या हातांना मोडेना. मी माझी बाजू घट्ट धरली. भाकरी मोडली आणि बाबा लहान पोरासारखे रडले. मीही रडले. पण माझं रडणं वेगळं होतं. मी चिडले होते, अगदी आतून. म्हटलं, "बाबा, चला माह्यासंग. इथं कोनाची वाट पाहून राह्यले तुम्ही?"

"मी आलो तुयासंग," ते म्हणाले, "आनं तिकडं तुयी माय उठली, तं तिले कोन दिसन?"

मग माझा तोल सुटला. "आनं तो आलाच नाई तं?" मी बोलून गेले. "किती वर्षं झाली! माय वाट पाहता पाहता गेली. इतका उशीर करते का कोनी?"

मला वाटलं, आता ओरडतील. कधी नव्हे ते हात उगारतील. बाबांनी हातातला भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला. "मलेबी वाटते," म्हणाले. "एकटा असलो की लय वाटते. म्हनून तं दोघं लागते, पोरी. एकाचा धीर सुटला तं दुसऱ्यानं धराचा."

एवढी वर्षं मला वाटायचं, नियम भाकरीसाठी आहे.

आज हे का लिहून पाठवते आहे ते सांगते. गेल्या रविवारी बाबांचा फोन आला नाही. मीच केला. "येतं का" विचारलं नाही त्यांनी. इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलले, वांगी किडली म्हणाले. शेवटी मीच विचारलं, भाकरी? म्हणाले, "आज नाई टाकली." आणि फोन ठेवला.

बाबांना आपण सगळ्यांनी गावातला न हलणारा दगड समजलो. आपण सुरतेला, तेलंगणात, चाकणला निवांत राहिलो, कारण तिकडे एक माणूस आपल्या सगळ्यांच्या वाटचं थांबला होता. त्याचा धीर सुटतो आहे आणि धरायला कोणी नाही. लोक मला विचारतात, गावाला कोण आहे तुमचं? घर आहे का? घर आहे हो. माझ्यावाचून जिथं भाकरी मोडत नाही, ते माझं घर. तुमचंही तेच आहे, तुम्ही कितीही लांब गेलात तरी.

या रविवारी मी जाते आहे. सुपरवायझर म्हणाला, गेलीस तर परत येऊ नकोस. मी म्हटलं, बरं. विलासनं तिकीट काढून दिलं. पण काम गेलं तर पुढच्या रविवारच्या तिकिटाचं काय, ते मलाही माहीत नाही. म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. डफ नको, गाणं नको, फक्त एका माणसानं वर्ध्याला उतरायचं, यष्टी धरायची आणि भाकरीची एक बाजू धरायची. विश्वास डळमळला असेल तरी चालेल, माझाही डळमळलाय.

प्रभू आला तर वर भेटू. नाही आला, तर पुढच्या रविवारी अल्लीपूरला कोण जाणार, तेवढं कळवा.