झाडून आणलेल्या रांगोळीचा चेहरा

दुकानांच्या पाट्या रंगवून माझं घर चालायचं. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. उरली ती दिवाळीतली रांगोळी प्रदर्शनं. कल्याण-डोंबिवलीतल्या शाळांच्या हॉलमध्ये गुडघे टेकून थोरामोठ्यांचे चेहरे काढायचे, लोकांनी "अगदी फोटोच" म्हणायचं आणि शेवटच्या दिवशी सगळं झाडूने गोळा करायचं. बाकीचे ती रांगोळी फेकून देतात. मी पिशवीत भरून कल्याणजवळच्या मोहने गावी, घरी आणतो. नवे रंग परवडत नाहीत, हे एक. फेकवत नाही, हे दुसरं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. मूलबाळ नाही. शेजारी चांगले आहेत, पण चांगले शेजारी बंद दार वाजवत नाहीत. मग मी स्वतःचाच चेहरा काढायला घेतला. समोर बसायला दुसरं होतं कोण?

झाडलेल्या रांगोळीत सगळ्यांचे फेटे, गाल, मिशा एक होतात आणि राखेसारखा मातकट रंग तयार होतो. तो डिंकात कालवून जुन्या पाटीच्या मागच्या बाजूला लावला. दुधाची तहान ताकावर. रांगोळी खरखरीत, ब्रश दोन दिवसांत झिजला. मग बोटांनी थापलं. आयुष्यभर गुळगुळीत गाल काढणारा मी, इथे एक गाल धड होईना. डिंक सुकताना डोळ्यांखाली तडे गेले. बुजवायला गेलो, आरशात पाहिलं आणि हात मागे घेतला. तडे बरोबर जागी होते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला आवडेल ते काढलं, हे पहिल्यांदा खरं निघालं.

त्यानंतर एकच हाव सुटली. कोणीतरी चित्राकडे बघावं, मग माझ्याकडे बघावं आणि म्हणावं, अहो, हे तर तुम्हीच.

यंदाच्या दिवाळीत कल्याणच्या प्रदर्शनात आयोजकांच्या हातापाया पडून मी ते चित्र कोपऱ्यातल्या बाकावर ठेवलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. दाढीसुद्धा मुद्दाम केली नव्हती, चित्रातल्यासारखीच राहू दिली होती. थोड्या वेळाने एक कार्यकर्ती आली. "काका, समई इथे ठेवते हां. खाली कोणाचा तरी पाय लागेल." चित्रापुढे समई ठेवून ती गेली.

झालं. लोक येत, हात जोडत, पुढे जात. एका आजोबांनी झेंडूचं फूल वाहिलं. आधी मला हसू आलं, मग राग. अरे, मी इथे धडधाकट बसलोय ना? पण ते मनातच. माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.

दुपारी माझ्याच वयाच्या एक बाई थांबल्या. त्यांनी चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

"तोंडावळा अगदी तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. "भाऊ ना तुमचे? कधी गेले?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो. तोंडून कसं निघालं, मलाच कळलं नाही.

त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "घरी कोण असतं आता? जेवता ना वेळेवर?" पिशवीतला डबा उघडून त्यांनी एक करंजी माझ्या हातावर ठेवली. खरं सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, चित्राचं कौतुक केलं असतं आणि निघून गेल्या असत्या. मी करंजी खाल्ली आणि त्या उठेपर्यंत मेलेलाच राहिलो.