भिंतीची आंघोळ

माणसांना जीव लावणारी माणसं सोलापुरात पैशाला पासरी मिळतील, पण भिंतींना जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि माझं नशीब असं थोर, की तोच आमचा घरमालक निघाला. लग्न होऊन मी भवानी पेठेत आले तेव्हा सामानाची ट्रंक अजून टांग्यातच होती आणि हे गृहस्थ धोतराचा सोगा हातात धरून दारात उभे. नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं नाही, संडास कुठं ते सांगितलं नाही. पहिलं वाक्य, तेही मला, नव्या नवरीला: "वैनी, भिंतीला खिळा मारायचा न्हाय बगा. आदीच सांगून ठेवतो." झालं! तेव्हापासून आमच्या खोलीत कॅलेंडर खुर्चीत बसायला लागलं, आरसा ट्रंकेला टेकून उभा राहिला आणि आमच्या ह्यांचा सदरा दाराच्या बाहेरच्या कडीला लटकू लागला. रात्री दार लावलं की आम्ही आत आणि सदरा बाहेर. एकदा तो शेजारच्या शेळीनं निम्मा खाल्ला. मी तणतणत मामांकडे गेले (सगळी पेठ त्यांना मामाच म्हणायची), तर त्यांनी तो चघळलेला सदरा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सदरा नवा शिवता येतोय की वैनी."

मामा सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी पूल घेतले, रस्ते घेतले. मामांच्या वाट्याला ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही अशा जुन्या दगडी कचेऱ्या, कोठारं आणि विश्रामगृहं आली, आणि त्यांना वाटायचं आपल्याला लॉटरी लागली. कुठल्याही इमारतीत शिरायच्या आधी ते चपला काढत, भिंतीवर तळवा टेकवत, डोळे मिटत आणि हळूच कन्नडमध्ये विचारत, "एनात?" म्हणजे, काय झालं? मामा मूळचे वळसंगचे, तिकडे बोली कानडी. साहेबाशी मराठी, मामींशी दोन्हींची मिसळ, पण भिंतींशी निव्वळ कन्नड. मी एकदा छेडलं, "मामा, भिंतीशी कन्नड का हो?" तर म्हणाले, "आजाऱ्याला त्याच्या आईच्या भाषेत इचारावं लागतंय की." "पण भिंतीची आई कन्नड कशावरनं?" "दगड आमच्या वळसंगकडचा हाय," मामा म्हणाले आणि मलाच वेड्यात काढल्यासारखं बघून निघून गेले.

एकदा एका लग्नाला आम्ही सगळे बरोबर गेलो होतो. अक्षता पडल्या तेव्हा सगळा मांडव नवरानवरीकडे बघत होता आणि मामा पाठमोरे उभे राहून मागच्या भिंतीचा पोपडा नखानं उचकटत होते. मुलीच्या बापाला वाटलं, हे जावईबुवांकडचे कुणीतरी रुसलेत. तो बिचारा हात जोडून मागून आला, तर मामा म्हणाले, "मालक, वरनं पाणी मुरतंय. पोरीचं नंतर बगा, आदी गच्ची बगा." गूळ घालून बैलाच्या घाणीत दळलेला चुना तयार झाला की नाही हे ते चिमूटभर जिभेवर ठेवून ठरवत. मामी म्हणायच्या, "जीभ कवाच भाजून गेलीय. आमटीत मीठ हाय का न्हाय कळत न्हाय, आन चुन्यात गूळ किती ते कळतंय." बरं, मामांचं सगळं खरंच निघायचं असंही नाही. एका विश्रामगृहाच्या भिंतीला कान लावून त्यांनी ती आतून पोकळ झाल्याचं छातीठोक सांगितलं. फोडून पाहिली तर आत दगडच दगड. साहेबानं विचारलं, "मग आवाज कसला येत होता?" मामा म्हणाले, "सकाळपासनं जेवलो नव्हतो साहेब. माजंच पोट असंल."

त्यांचा आयुष्यात एकच शत्रू, सिमेंट. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे मामा सिमेंटचं नाव घेत नसत. "ते" म्हणत. "त्या भिंतीला 'ते' लावलंय," असं सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की ऐकणाऱ्यानं दुखवट्याला जावं.

पेठेच्या टोकाला एक जुनी दगडी कचेरी होती. तिच्या एका खोलीत जिल्ह्याचा जुना ठेवा ठेवला होता: कापडावर काढलेले नकाशे, गंजलेल्या तलवारी, आणि कुणाची ते कुणालाच ठाऊक नसलेली एक पालखी. त्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीचा गिलावा सुटला. मोठे साहेब म्हणाले, सिमेंट मारून टाका. मामा म्हणाले, जुन्या भिंतीला श्वास लागतो, 'त्या'नं तिचं नाक दाबलं जाईल, ओल आत जाईल आणि नकाशे कुजतील. साहेब तरुण होते, पण माणूस भला. म्हणाले, "ठीक आहे, तुमच्या चुन्यात करा. पण काम संपल्यावर मी स्वतः येऊन बघणार. एक जरी तडा दिसला तर सगळं खरवडून सिमेंट. मग काही बोलायचं नाही." मामा कबूल झाले. कधी नव्हे ते त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

आणि गिलावा पुरा झाला न झाला तोच कचेरीच्या आवारातली विहीर आटली. साल बहात्तरचं. आता त्या दुष्काळाबद्दल मी वेगळं काय सांगू? नळ कोरडे, टँकरपुढं घागरींची रांग, आणि रांगेत रोज एक भांडण. ओल्या चुन्याच्या गिलाव्याला बरेच दिवस पाणी मारावं लागतं. नाही मारलं तर तो भेगाळतो. मामांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते घरोघर फिरायला लागले. पिण्याचं पाणी त्यांनी कुणाकडे थेंबभर मागितलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी मागितलं आंघोळीचं. लोकांनी आंघोळ करायची, ते पाणी टाकायचं नाही, मामांना द्यायचं, आणि मुख्य म्हणजे साबण लावायचा नाही! घरमालकाची पहिली धाड अर्थातच भाडेकरूवर. आमचे हे परातीत उकिडवे बसून तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचे आणि दाराबाहेरून मामा ओरडायचे, "सांडू नका, सांडू नका! पाय परातीतच ठेवा!" मग ते गढूळ पाणी बादलीत घेऊन, पोराला दवाखान्यात न्यावं तसे जपून, कचेरीकडे निघायचे.

कचेरीसमोर नरसाक्का राहायची. घरात चार माग, चादरींचं काम, तेलुगू घर, आणि तिचा आवाज मागांच्या खडखडाटावर चढणारा. तिनं एकदा भर रस्त्यात मामांना धरलं. "ओ मामा! मानसं तान्हेनं मरायलीत आन तुमी भिंतीला आंघोळ घालायलाव व्हय? लाज वाटत न्हाय?" लोक जमले. मामा बादली खाली ठेवून मान खाली घालून उभे राहिले. "प्यायचं न्हाय अक्का. आंघोळीचं हाय," एवढंच म्हणाले. "आंघोळीचं म्हनं! आमी काय म्हशी हाव? आमाला नको आंघोळ?" ती बोलत राहिली आणि मामा ऐकत राहिले. मला तिचा राग आला आणि तिचंच बरोबर आहे असंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात टँकरही कमी झाला आणि पेठेनं आंघोळच सोडली. मामांची बादली रिकामी परत यायला लागली. गिलाव्याला लावलेली गोणपाटं वाळून कडक झाली. एक दिवस मामी माझ्याकडे आल्या, "जेवायलाच न्हाईत गं, तू तरी सांग." मी गेले तर मामा ओट्यावर नुसते बसलेले. म्हटलं, "मामा, एवढं काय? सरकारी भिंत ती. तुमच्या बापाची आहे का?" माझं तोंड हे असं. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "वैनी, माजं काय जात न्हाय. पर साहेबानं माझ्या शब्दावर चुना केला. हितं तडा गेला की संपलं. पुन्यांदा ह्या जिल्ह्यात चुन्याचं नाव कोन काढंल? सगळ्या जुन्या भिंतींना 'ते' लागंल." मला फार वाईट वाटलं. मी उगाच मामींच्या हातची भाकरी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

दुसऱ्या दिवशी नळाला धार आली, अर्धा तास. सगळ्या पेठेनं तुंबलेली धुणी बडवून घेतली. आणि नरसाक्का ओल्या लुगड्यांचा भारा खांद्यावर टाकून थेट कचेरीपुढं हजर. "मामा, पानी मागायचं न्हाय. धुन्याचं पानी पन आमाला लागतंय. पर लुगडी कुटं तरी वाळवायचीच हाईत. तुमच्या भिंतीवर वाळवतो. ओल तुमची, लुगडं आमचं!" मग काय विचारता! तिच्यामागून सगळी गल्ली आली. लुगडी, धोतरं, दुपटी, नव्या धुतलेल्या चादरी. मामांनी वरच्या कठड्याला दोऱ्या बांधल्या आणि कचेरीची ती गंभीर भिंत नखशिखान्त ओल्या कपड्यांनी झाकली गेली. त्यानंतर धार आली की धुणी भिंतीवर, हा पेठेचा नेमच झाला. लोकांचे कपडे लवकर सुकतात म्हणून मामांना वाईट वाटायचं, एवढाच काय तो मतभेद.

आणि अशाच एका धुण्याच्या दिवशी साहेबांची जीप आली. साहेब उतरले, भिंतीकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "ओव्हरसियर, ही कचेरी आहे का धोबीघाट?" नरसाक्का पुढं झाली. "साहेब, औशद लावलंय. पट्टी काढून बगा." मग साहेबांसमोर सरकारी भिंतीवरून एकेक लुगडं उतरलं. साहेबांनी छडीनं वरपासून खालपर्यंत ठोकलं, हात फिरवला. गिलावा कसा ठणठणीत! एका स्वस्तातल्या लुगड्याचा रंग लागून मधेच गुलाबी डाग पडला होता, तेवढाच. साहेब "शाब्बास" म्हणायला तोंड उघडतात तोच मामा, आमचे हरिश्चंद्र, स्वतःच पुढं झाले. "साहेब, थांबा. हितं खिडकीजवळ तडा गेलाय." मी कपाळावर हात मारला. नरसाक्कानं तेलुगूतून मामांचा उद्धार केला. खरंच, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली केसासारखी बारीक रेघ गेली होती. साहेबांनी चष्मा लावला, वाकले, बघितलं, नखानं टोकरलं आणि चिमटीत धरून ती रेघ ओढली. ती सरळ हातात आली. "ओव्हरसियर, हा तडा नाही," साहेब म्हणाले, "चादरीचा दोरा आहे." सगळी पेठ हसली. मामा मात्र भिंतीकडे तोंड करून उभे राहिले ते बराच वेळ वळले नाहीत.

आता गंमत बघा. चुन्यानं माखलेली सगळी लुगडी पुन्हा धुवावी लागणार होती. नरसाक्का म्हणाली, "पानी कोन देनार?" तेव्हापासून पाण्याची टंचाई संपेपर्यंत मामा कामावरून आले की तिची घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहायचे.

पुढं मामांची बदली सांगोल्याला झाली, नव्या कोऱ्या, आरपार 'त्या'च्याच इमारतीवर. रविवारी एस.टी.नं यायचे. मी विचारलं, "कसं काय तिकडं?" म्हणाले, "बरं हाय. पर हितं सकाळ झाली की कुनी ना कुनी इचारायचं, मामा, भिंत कशी हाय? तिकडं कोन इचारतंय?" मी हे सहज नरसाक्काला सांगितलं. त्यानंतर दर रविवारी मामा दिसले की ती आपल्या ओट्यावरून ओरडायची, "मामा, भिंत कशी हाय?" भिंत तिच्या नाकासमोर, आणि विचारणार सांगोल्याहून आलेल्या माणसाला! मामाही कचेरीपाशी जायचे, तळवा टेकवायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "बरी हाय अक्का."

निवृत्त झाल्यावर मामा फार दिवस टिकले नाहीत. अंथरुणाला खिळले, वरच्या खोलीतून खाली उतरवेना. तेव्हा नरसाक्का रोज वळलेल्या विड्या सुपात घेऊन कारखान्यात द्यायला जाता जाता आमच्या दाराशी थांबायची, वर मान करून ओरडायची, "मामा, भिंत बरी हाय!" आणि वरून मामी म्हणायच्या, "ऐकलं गं." ते गेले त्या सकाळी तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती आली, थांबली, ओरडली. मामी खिडकीशी आल्या आणि नेहमीसारखंच म्हणाल्या, "ऐकलं गं."