आडवं आलेलं कुत्रं

अकोल्याहून अमरावतीला येताना मी हायवेवर करकचून ब्रेक मारला, कारण रस्त्याच्या कडेला संत्र्यांचा ढीग दिसला आणि भाव विचारावासा वाटला. मागचा टेम्पो माझ्या कारवर आदळला, टेम्पोवर आणखी दोन गाड्या. माझ्या मानेला मार बसला, टेम्पोवाल्याचा पाय मोडला. पोलीस दवाखान्यात जबाब घ्यायला आले तेव्हा संत्र्यांचं नाव काढायची मला लाज वाटली. कुत्रं आडवं आलं, असं सांगून मोकळा झालो. तेच कुत्रं पुढे विम्याच्या दाव्यात गेलं. माझे वकील खूश झाले. म्हणाले, आता चूक मागच्याचीच, त्याने अंतर ठेवलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात तो टेम्पोवाला भेटला. बाळापूरचा, माझ्याहून वयाने मोठा, काखेत कुबडी. मला वाटलं, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी कुणापेक्षा कमी नाही. पण तो शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, ते कुत्रं मले दिसलंच नाही. म्हून डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणते, नजर चांगली हाय. मंग काहून नाही दिसलं? तवापासून स्टेअरिंगले हात नाही लावला मी."

आमचा पुकारा व्हायला अजून वेळ होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"लहान होतं ते," मी म्हणालो.