मावशींचा जड माल

बाजारात शिंपले विकणाऱ्या मावशींचा आवाज असा, की शेजारच्या टोपलीतले मेलेले मासेही डोळे वटारून बघत. "जड माल! हातात घ्या आणि मग बोला!" ही त्यांची आरोळी. बाकीच्या जणी किनाऱ्यावरचे बारके शिंपले विकत. मावशी मात्र कारखान्याचा नाला खाडीला मिळतो तिथल्या खडकांवरून जुने, थोराड शिंपले काढून आणत. त्यातल्या एखाद्याला कुणी हलका म्हटलं, तर आपल्या पोरीला बघून कुणी नाक मुरडल्यासारखा त्यांना राग येई.

आणि राग आला की तो जाण्यासाठी येत नसे.

एका सकाळी बाजारातून कर्णा लावलेली गाडी फिरली. "नाल्याजवळच्या शिंपल्यांत जड धातू आढळले असून..." पुढचं सगळं मावशींच्या आरोळीत बुडालं.

"ऐकलंत? आता गाडी लावून सांगतायत! मी काय घसा फोडून खोटं बोलत होते?"

ज्यांनी पुढचं ऐकलं होतं ते हळूच सटकले. मावशींना वाटलं, पिशव्या आणायला गेले.

इतका मान मिळाल्यावर मावशींनी सगळ्यात मोठे शिंपले बाजूला काढले आणि संध्याकाळी लेकीचं घर गाठलं. लेक गरोदर, आणि डोहाळे शिंपल्यांचे. पातेलं शेगडीवर चढलं. तेवढ्यात जावई कामावरून आला. हा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. माणूस हुशार, पण सासूसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटे. आज मात्र वास येताच तो चपलांसकट स्वयंपाकघरात शिरला.

"आई, हिला ते देऊ नका!"

"का? जावईबापूंना कमी पडतील म्हणून?"

"त्यात शिसं आहे. ते जड धातू म्हणतात ना, तेच. विष असतं."

"मी तीन पाण्यांनी धुतलेत!"

"धुऊन जात नाही."

"मग उकळतेय की!"

"उकळूनही जात नाही. नाल्यातून ते पाण्यात येतं, पाण्यातून शेवाळात. शिंपला दिवसभर पाणी गाळून तेच शेवाळ खातो. पाणी निघून जातं, शिसं आत राहतं. वर्षानुवर्षं साचत जातं."

"बाहेर का नाही टाकत मेला?"

जावई शास्त्रीय कारण जुळवू लागला. पातेल्याकडे आशेने बघणाऱ्या लेकीला तेवढा धीर नव्हता.

"अगं आई, तुझ्यासारखंच! आत्या तुझ्या लग्नात म्हणाली, नवरीचे पाय केवढे मोठे! ते टाकलंयस का तू अजून बाहेर?"

मावशींनी स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. नणंदेचा पायांवरचा टोमणा, जावेची जांभई, व्याह्यांनी चहा अर्धा ठेवला तो कप, सगळं आत जागच्या जागी होतं. शिंपल्याची आतली व्यवस्था त्यांना एका क्षणात समजली.

"म्हणजे ते सगळं हिच्यात उतरणार?"

"हिच्यात, आणि बाळातही."

मावशींनी पातेलं उचललं. "एक तरी दे गं!" म्हणत लेक मागे धावली. मावशींनी पातेलं असं छातीशी धरलं, की चटके बसले, पण सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाळा रिकामा. जुनी गिऱ्हाइकं येत, मावशी त्यांना हाकलत. "विष खायचंय? दुसरीकडे जा! नाही, दुसरीकडेही जाऊ नका!" स्वतः त्या भूशिराला वळसा घालून पलीकडच्या उघड्या समुद्राकडच्या खडकांवर गेल्या. तिथले शिंपले नखाएवढे. ते त्यांनी थेट जावयाच्या प्रयोगशाळेत नेऊन टेबलावर ओतले आणि निकाल लागेपर्यंत दारात स्टूल टाकून बसल्या. तिथल्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मावशींनी त्याचीही आत नोंद घेतली.

निकाल चांगला आला. गाळा पुन्हा उघडला, पण पहिली वाटी लेकीची. मावशी समोर बसून बघत राहिल्या. लेकीने सगळे शिंपले चाटूनपुसून संपवले, बोटं चोखली आणि उसासा टाकला.

"छान आहेत गं. पण चव होती ती त्या मोठ्यांनाच."

"शिसं होतं ते, कार्टे," मावशी ओरडल्या, "शिसं!"