डोळे मिटून ऐकणाऱ्या बाई

बाई डोळे मिटून ऐकत. नवा माणूस हमखास फसे. बोलता बोलता थांबला, की बाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणत, "चालू द्या. झोपायला मला घर आहे."

कर्वेनगरच्या त्यांच्या खोलीत दुपार संपतच नसे. पंखा संथ फिरे, खिडकीतून कुंतीच्या फुलांचा वास येई, आणि मनाच्या तळाशी दडवलेलं आपोआप वर तरंगू लागे. ते दिवस आठवले की अजून मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं.

बाई मानसोपचारतज्ज्ञ, आणि तो काळ मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे 'वेड्यांचा डॉक्टर' असं समजण्याचा. त्यात बाईंनी बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांवर मराठीत पुस्तक लिहिलं, आणि पहिल्याच पानावर 'मी त्यांतलीच एक' असं सांगून टाकलं. तेही पुण्यात! नातेवाइकांनी येणंजाणं तोडलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं. दिवाळीचा फराळ उरेल."

माझ्या आईने ते पुस्तक कुठलं वाचायला! मी लग्नाला नाही म्हणते, वर मीनलचं नाव घेते, म्हणून 'हिला बरी करा' सांगायला तिने मला बाईंकडेच नेलं. सगळं ऐकून बाईंनी डोळे उघडले आणि चहा घेऊन आलेल्या सुधाताईंकडे पाहिलं. "अहो, हा आजार असेल तर आम्ही दोघी कधीच्या आजारी आहोत. संसार मात्र छान चाललाय." आई चहा तसाच टाकून उठली.

मी जात राहिले. बाईंनीच मला सावरलं. पुढे मीनलने आणि मी हडपसरला घर केलं, पण आई त्या घराची पायरी चढेना. मला ते फार लागायचं. "तिला समजवा ना," मी बाईंना म्हटलं.

"मी कुणाला समजावत नाही. ती आली तर ऐकेन."

आणि आई खरंच बाईंकडे जाऊ लागली, मला न सांगता. सुधाताईंकडून कळलं तेव्हा मी थक्क झाले. दोघी काय बोलत, ते बाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाई गेल्या, तेव्हा जन्मात न फिरकलेला पुतण्या स्मशानात उगवला आणि अग्नी द्यायला पुढे झाला. सुधाताई मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. तेवढ्यात माझी आई गर्दीतून वाट काढत पुढे गेली. "अहो, जरा सरका. त्यांच्याबरोबर जिने संसार केला, ती मागे उभी आहे." आणि हात धरून तिने सुधाताईंना पुढे आणलं.

परतताना रिक्षात आई आणि मी दोघीही रडत होतो. बऱ्याच वेळाने आईने पदराने नाक पुसलं.

"मीनल वांगं खाते ना गं? रविवारी भरली वांगी घेऊन येते."