गाडीवाली आत्या

माझी आत्या गाडी चालवताना कुणाला शिव्या देत नसे. ती गाडी बाजूला घेई, खाली उतरे, समोरच्याच्या काचेवर टकटक करी आणि मग देई. बारामती-इंदापूर रस्त्यावर असा एकही जीपवाला नसेल ज्याला तिने एकदा तरी नऊवारीचा पदर खोचून खाली उतरवलं नाही. गावं तिला ‘गाडीवाल्या आक्का’ म्हणत. माझी ती सख्खी आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. रागीट बाई म्हणून तिची ख्याती होती. मला विचाराल तर ती जेवढी रागवायला हवी होती तेवढी रागावलीच नाही. उरलेला राग माझ्याकडे आला आहे आणि तो घेऊनच मी हे लिहिते आहे.

तिचं माहेर कन्हेरी, सासर इंदापूर. मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, डाळिंबाच्या एका चांगल्या बहारावर जपानी कंपनीची गाडी घेतली आणि दोन वर्षांतच त्यांची नजर अधू झाली. भावकीने लगेच सल्ला दिला की गाडी विका, आता चालवणार कोण? आत्याने विहिरीकडच्या मोकळ्या रानात महिनाभर गाडी मागेपुढे केली, आंब्याची दोन रोपं आणि एक गोठ्याचा खांब आडवा केला आणि मामांना शेजारी बसवून थेट बाजार समितीत डाळिंबाचे क्रेट घेऊन गेली. मागची सीट काढून तिथे क्रेट रचलेले होते. लोक हसले. पुढे मामा गेले, हसणारे म्हातारे झाले, आणि गाडी चालतच राहिली. “इंजनाला आजून पाना लागला न्हाय,” असं ती सांगायची. एखादी बाई आपल्या सुनेबद्दल बोलते तसा तिचा सूर असे, म्हणजे खरंच चांगली सून मिळालेली बाई.

सर्व्हिसिंगला ती मला बरोबर न्यायची. तिथला साहेब गाडीभोवती फिरत विचारायचा, “मॅडम, ड्रायव्हर कुठंय? त्याच्याशी बोलतो.” दर खेपेला नवा साहेब आणि दर खेपेला हाच प्रश्न. गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी तिकडून एका मुलीचा फोन येई, तुम्ही आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का, दहापैकी किती गुण द्याल? आत्या फोन कानापासून वीतभर लांब धरून ओरडायची, “गाडीला धा! तुमच्या च्याला दोन. आन त्यो सायेब माझ्याच म्होरं माझा डायव्हर हुडकत हुता, त्याला भोपळा. डायव्हर मीच हाय, ल्ही तसं!” ती मुलगी बिचारी हसू दाबत असावी. तेव्हापासून आत्याला गुण देण्याचं वेडच लागलं. कीर्तनकाराला सहा, शेजारणीच्या शेंगदाण्याच्या चटणीला नऊ, नव्या जावयाला “आजून परीक्षा चालू हाय”.

त्या सर्व्हिसिंगच्या जागी भिंतीवर कंपनीच्या इतिहासाची चित्रं लावलेली होती, खाली इंग्रजीत मजकूर. गाडी होईपर्यंत आम्ही बसून असायचो, तेव्हा मी तिला तो वाचून मराठीत सांगितला. ही कंपनी मोटारींची नव्हतीच मुळात. एका सुताराच्या मुलाने आपल्या आईला हातमागावर राबताना पाहिलं आणि तो माग सुधारत बसला. पुढे त्याने असा माग केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्याचा मुलगा मग मोटारींकडे वळला. आणि अजूनही त्यांच्या कारखान्यात साध्या कामगाराला काही चुकीचं दिसलं तर दोरी ओढून अख्खं काम थांबवायची मुभा असते. आत्या चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली. “आपल्याकडं आस्ती का अशी दोरी?” तिने विचारलं. मी नाही म्हणाले. “म्हंजे तुटल्या धाग्यावरच इनत बसत्यात समदी,” ती म्हणाली, “आन तागा वाया गेला की नशिबाच्या नावानं बोंब.” ही गोष्ट तिने मग भेटेल त्याला सांगितली, बाजार समितीतल्या हमालांपासून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपर्यंत.

नुसती सांगितली असं नाही. हंगामात माळेगावच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या जातात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे ना दिवा ना रेडियम. अंधार पडला की मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती तिच्यावर आदळल्यावरच. आत्याच्या गाडीत लाल रेडियमची गुंडाळी आणि कात्री कायम असे. पिंपळीच्या अलीकडे एकदा तिने ट्रॅक्टरसमोर गाडी आडवी घातली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “आक्का, सोडा की. रांगेतला नंबर जाईल माझा कारखान्यावर.” आत्या म्हणाली, “तुझा नंबर जाईल, आन मागनं येनाऱ्याचा जीव जाईल. उतर. ही पट्टी धर सरळ.” तिने दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे पट्ट्या चिकटवल्या, त्याच्याकडून हात पुसायला फडकं मागून घेतलं आणि मगच त्याला जाऊ दिलं. जे काम ज्यांनी करायचं ते खुर्च्या उबवत बसले होते आणि साठी ओलांडलेली बाई रस्त्यात उभी राहून ट्रॉल्यांना रेडियम लावत होती. मला त्या वेळी मौज वाटली होती. आता आठवलं की डोकं फिरतं.

मी बारामतीच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. माळेगावच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, बाप एका पतसंस्थेचा माजी चेअरमन. पसंती झाली आणि आमच्या घरी बैठक ठरली. तात्या, म्हणजे माझे वडील, आठ दिवस हवेत होते. थोरली बहीण म्हणून आत्याला मानाने बोलावलं होतं. ती गाडी धुऊनपुसून आली आणि नेमकी चेअरमनच्या गाडीशेजारी लावली.

चहा चालू असताना चेअरमनने हसत विचारलं, “काय आक्का, गाडी कशी काय म्हनतीया?” झालं. आत्याला कुणी गाडीबद्दल विचारलं की धरणाचं दार उघडल्यासारखं होई. माग, सुताराचं पोर, त्याची आई, कारखान्यातली दोरी, इंजिनाला न लागलेला पाना, सगळं तिने सांगितलं. पाहुणे माना डोलावत ऐकत होते. ऐकून झाल्यावर चेअरमनने कप खाली ठेवला. “तात्या, आमाला काय नको बगा. पोरगी आन नारळ. फकस्त पोराला सारखं पुण्याला जावं लागतंय, तर एक गाडी दारात असावी. आन ती आक्कांच्याच कंपनीची घ्या. मोठी, पांढरी. आक्काच म्हनत्यात, लय भारी कंपनी हाय.”

आत्याच्या तोंडातली साखर चेअरमनने तिच्याच भावाच्या गळ्यात अडकवली होती. तिचा चेहरा मी पाहिला. ती तात्यांकडे बघत होती, आता हा नाही म्हणेल म्हणून. तात्या खाली बघून म्हणाले, “बघू. करू काय तरी.”

“काय करू?” आत्या तात्यांकडे वळून उभी राहिली. “भानू, काय करनार हायस? चेअरमन, गाडीसंगं सीट कव्हर फ्री मिळतं, मॅट फ्री मिळतं. आता सूनबी फ्री पायजे व्हय तुमाला? माझी गाडी चांगली हाय, कारन ती आमी उन्हात मरून घेतलीया. तुमाला पायजे तर तुमीबी मरा उन्हात. माझं नाव घिऊन माझ्या भावाकडं मागू नका. हितं धागा तुटला. मी थांबवतीया हे.”

पाहुणे उठले. पुरणाचा स्वयंपाक तसाच राहिला. जाताना चेअरमन तात्यांना एवढंच म्हणाला, “घरात बायकांचं चालतंय हे आदी सांगायचं हुतं.” आणि तात्यांना, माझ्या बापाला, त्या माणसाचा राग आला नाही. आला तो बहिणीचा. गाडी मागणाऱ्याला हात जोडून वाटेला लावल्यावर ते अंगणात येऊन गरजले, “माझ्या पोरीचं वाटुळं केलंस तू. पुन्ना ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगं.” मी सांगितलं की मला ते लग्न नकोच होतं, आत्याने माझ्या मनातलं केलं. माझं कोण ऐकतं? माझं लग्न होतं, म्हणजे माझा प्रश्नच नव्हता.

आत्याचं माहेर त्या दिवशी तुटलं. जिला अख्खा रस्ता वचकून असे ती बाई त्यानंतर दर भाऊबीजेला कन्हेरीच्या फाट्यापर्यंत येई आणि गाडीतच बसून राही. ताम्हण, करंज्या, टॉवेल-टोपी सगळं शेजारच्या सीटवर मांडलेलं. मी फाट्यावर जायची. “भानू जेवला का?” हा पहिला प्रश्न. मी म्हणायची, “आत्या, चल घरात, मी बघते कोण अडवतंय.” ती मान हलवायची. “त्यानं बोलवाय पायजे. मी हाय की हितं.” मी घरी येऊन तात्यांना सांगायची की तुमची बहीण फाट्यावर बसली आहे. ते पेपरात तोंड घालून म्हणायचे, “चार मानसांत अब्रू घालवली माझी.” चार माणसं! ती चार माणसं पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कुणाच्या तरी बैठकीत बसून तीच गाडी मागून आली होती आणि त्यांना ती मिळालीही होती.

पुढे मी माझ्या पसंतीने, रजिस्टर लग्न केलं. मला कचेरीत आत्याने तिच्या गाडीतून नेलं. तात्या आले होते, पण सहीपुरते. व्हरांड्याच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला आत्या. ती सारखी तिकडे बघत होती. त्यांनी एकदाही बघितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत कळ आली. बारामतीच्या दवाखान्यातून मी तात्यांना फोन केला. “आत्या विचारतीये तुम्हाला,” मी म्हणाले. ते म्हणाले, “उद्या सकाळी येतो.” कन्हेरीहून बारामतीला यायला अर्धा तासही लागत नाही, या भागातल्या कुणालाही विचारा. सकाळपर्यंत आत्या गेली होती.

दहाव्याला इंदापूरजवळ नदीकाठी मांडव भरला. आमच्याकडे दहाव्याला माइक लागतो आणि ज्यांनी जिवंतपणी विचारपूस केली नाही ते श्रद्धांजली वाहायला रांग लावतात. मोठ्या पांढऱ्या गाडीतून चेअरमन उतरला. त्याने माइक घेतला, घसा साफ केला आणि म्हणाला, “आक्का म्हंजे आमच्या भागाची शान. हुंड्याच्या विरोधात आक्का आयुष्यभर लढल्या. मी सोता साक्षीदार हाय.” मी उठणार एवढ्यात पुढच्या रांगेतून तात्या उठले.

“चेअरमन, माइक ठेवा,” ते म्हणाले. “माझ्या बहिणीनं तुमाला माझ्या घरातनं उठवलं हुतं. गाडी मागत हुता तुमी. मी नालायक, मी तुमाला हात जोडलं आन तिला हाकललं. आज मी तुमाला उठवतोय. निघा.” चेअरमनने इकडेतिकडे पाहिलं. कुणीच त्याच्या बाजूने बोलेना. मग तो खरंच निघाला.

लोकांनी तात्यांभोवती गर्दी केली. भले बहाद्दर, शोभलात, सख्खा भाऊ असावा तर असा. तात्या सगळ्यांतून वाट काढत माझ्यापाशी आले. “बोललो बघ,” ते म्हणाले.

“बोललात,” मी म्हणाले. “दहा दिवस आधी बोलायचं होतं. ती वाट बघत होती तेव्हा. आता कुणाला ऐकवताय?”

मी आत्याची गाडी सुरू केली. ते शेजारच्या सीटवर येऊन बसले. इंदापूर सोडल्यापासून कन्हेरीपर्यंत ते रडत होते, तोंडावर टॉवेल धरून, लहान मुलासारखे. मी रस्त्यावरची नजर काढली नाही आणि गाडीही थांबवली नाही.