मेंढरं कुणी राखली?

नाताळ जवळ आला की लोकांना करंज्या आठवतात, गाणी आठवतात. मला कापूस आठवतो, आणि जीव नकोसा होतो.

अकरा वर्षं आमच्या चर्चमधल्या पोरांच्या नाटकासाठी देवदूतांचे पंख मीच करायची. पुठ्ठा कापायचा, खळ लावायची, वर कापूस, मागं बांधायला नाडी. माझ्या पंखांचा कापूस कधी गळला नाही, असा माझा तोरा होता. तोरा कसला, मस्तीच म्हणा.

आई बायबल-बाई होती. म्हणजे पगार चिमूटभर आणि पायपीट ढीगभर. पिशवीत शुभवर्तमान घेऊन ती तीस वर्षं अजिंठ्याकडच्या खेड्यांतून हिंडली. कुणी मरणाला टेकलं की तिला बोलावणं यायचं, मग घर कुठल्याही धर्माचं असो. ती जायची आणि हात धरून बसायची. पुढं तिचंच काळीज थकलं, डॉक्टर म्हणाले आता घरीच न्या. आमच्या पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत खाटेवर पडल्या पडल्या तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं.

"मी लई जणांजवळ बसले गं. माझ्या वक्ताला तू बस. एकटी सोडू नको मला."

"गप गं, काहीतरीच बोलतीस," मी म्हटलं. तिनं डोळे वटारले, तेव्हा कबूल केलं.

शेजारी एक म्हातारी राहते, मेंढपाळ घरातली. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. मुलाला शेंद्र्याच्या कंपनीत काम लागलं म्हणून शहरात आली, पण जीव काही रमेना. रोज दुपारी ती आईच्या खाटेशी येऊन बसायची. मी तिला मावशी म्हणते. आईचे डोळे अधू झाले होते, म्हणून दोघींना मी बायबल वाचून दाखवायची. डिसेंबरात ती रानातल्या मेंढपाळांची गोष्ट आली. देवदूत आले, आभाळभर गाणं झालं, आणि मेंढपाळ बाळ येशूला बघायला बेथलेहेमला पळाले. मावशीनं हात वर करून मला थांबवलं.

"आन् मेंढरं?"

"मेंढरांचं काय?"

"कुणी राखली? लांडगं नव्हतं व्हय तिथं? राती मेंढरं रानात टाकून समदेच गेले? आगं बया, असले कसले गं मेंढपाळ!"

मी आईकडं बघितलं. गावोगावच्या लोकांना पुरून उरलेली बाई, पण इथं तिचं घोडं अडलं. "त्याचं काही लिहिलेलं नाय," ती हळूच म्हणाली. मावशी "मंग बघा बाई" म्हणत घरी गेली.

"अडाणी आहे ती, सोड," मी म्हटलं.

"अडाणी तू," आई म्हणाली. "जो राखतो त्यालाच राखणीचं सुचतं."

मग तिच्या डोक्यात तोच भुंगा. औषध घेताना तेच, पेज पिताना तेच. नाताळच्या सकाळी मी उपासनेला गेले नाही. तिचे केस विंचरत होते, तेव्हा आपणहून म्हणाली, "समदेच देवदूत वर गेले नसतील. एखादा मागं राहिला असंल मेंढरांपाशी."

"कुठला?"

"ज्याला गाणं येत नाय, तो." आणि खुदकन हसली. तेवढ्या हसण्यानंही तिला धाप लागली.

दुपारी चर्चमधून फोन आला. चारला नाटक, आणि मोठ्या देवदूताचा पंख मोडलेला. पोरगी पंख बांधूनच रिक्षात बसली होती. "ताई, तुमच्याशिवाय व्हायचं नाही बघा." या एका वाक्यानं माझं वाटोळं केलं. मावशीला हाक मारली, अर्ध्या तासात येते म्हटलं. आईला विचारलं तर म्हणाली, "जा. पोरीला बिनपंखाची उभी करू नको." तीच जा म्हणाली, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय! खरं आहे ते, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

पंख सांधला, कापूस लावला, पोरीला गर्रकन फिरवून बघितलं. बायका "किती छान" म्हणाल्या, ते ऐकत उभी राहिले. कुणीतरी चहा दिला. तो चहा मी घेतला. अर्ध्याचा सव्वा तास झाला.

परत आले तर दारात गल्लीतल्या दोघी उभ्या. त्यांनी बाजूला सरून वाट दिली, आणि मला कळलं. आईचा हात मावशीच्या हातात होता. माझ्या नखांत अजून खळ होती.

खोटं कशाला बोलू, आधी रडू आलं नाही, राग आला. त्या म्हातारीचा. तो हात मी धरायचा होता, आणि तिनं धरला.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, नाताळला देवदूत स्वतः न्यायला आले, भाग्याची बाई. मला ओरडावंसं वाटलं, कुठले देवदूत हो? त्यांचे पंख तर मी सांधत बसले होते! न दिसणाऱ्या त्या जगावर माझा जन्मापासूनचा भरवसा. शेजारच्या खोलीत कुणी वावरावं इतकं ते मला जवळ वाटायचं. त्या दिवसानंतर प्रार्थनेला डोळे मिटले की नुसता अंधार. पलीकडं कुणी नाहीच, असं वाटायचं.

मावशीला मी महिनाभर टाळलं. ती दार वाजवायची, मी आत गप्प बसायची. एके दुपारी दार उघडंच राहिलं आणि ती सरळ आत आली.

"तुझी माय शेवटाला बोलली, ते तुला सांगायचं राह्यलं. तू दारच उघडंना."

"काय बोलली?"

"म्हणली, गाणं म्हण. म्या म्हणलं, बाई, मला कुठलं येतंय गाणं? जल्मभर मेंढरं राखली म्या. तर माझ्याकडं बघतच राह्यली. आन् हसली गं! लई हसली. हात घट्ट धरला, आन् गेली." मावशी माझ्याजवळ टेकली. "का हसली आसंल?"

दोन नाताळ झाले याला. पंख मी आता करत नाही. मावशी अजून दुपारची येते, मधूनच विचारते, "का गं हसली आसंल तुझी माय?" सांगायला मी तोंड उघडते आणि मला रडू फुटतं. मग ती माझा हात धरून बसते.